पडून शिकवणारी बाई

राहीबाई: तसं एका शब्दात नाय सांगता येत गो. आधी जवळ ये. अजून जवळ. ही वाळूची पुरचुंडी गरम हाय तोवर कमरेला लावते, तू कुशीवर पड आणि ऐक. आज बोईसरवरून अशी गोष्ट आणली हाय, की मागं मृदंग पायजे होता. मृदंग नाय तर नाय. समुद्र हाय, तो धरील ठेका.

जमना: गोष्ट नको आये. मी विचारते तेवढं सांग. माझा निरोप दिलास की नाय?

राहीबाई: सुनेनं सासूला निरोप्या केली, तर निरोप्याची रीत तरी पाळ. बुवा उभा राहिला की पहिल्याच दमात शेवट सांगतो काय? आधी नमन, मंग निरूपण, मंग आख्यान.

जमना: मी कीर्तनाला बसले नाय. मी पडलेय. कालपासून डाव्या पायात कोणीतरी सुरी फिरवतंय, कमरेपासून घोट्यापर्यंत, आणि तू बुवा झालीस. हो का नाय, एवढंच बोल. 'जमना उद्यापासून वर्गाला येणार नाय', असं जागृतीताईला सांगितलंस?

राहीबाई: जागृतीताई नव्हती. संस्थेच्या कामाला पालघरला गेली होती.

जमना: मंग कोणाला सांगितलंस?

राहीबाई: तिथंच तर आख्यान सुरू होतं. भाजतंय काय?

जमना: भाजू दे. तेवढं तरी बरं वाटतं. बोल.

राहीबाई: सप्त्याचं कीर्तन दुपारचं होतं. म्हटलं आधी तुझं काम करू, मंग देवाचं. ती चाळ शोधली. तो अंधारा जिना चढले. तुझा निरोप गालात धरला होता, विडा धरतात तसा, चावायचा नाय, थुंकायचा नाय. वर दार उघडंच. खोलीत तुझ्या सगळ्या बाया, भिंतीला पाठ लावून. आणि मधे चटई. रिकामी.

जमना: माझी?

राहीबाई: तुझीच. उशीसकट. एवढीशी ती खोली, बाया एकमेकींच्या मांडीवर बसल्यागत दाटल्या होत्या. एक तर लेकराला घेऊन उंबऱ्यात. पण चटईवर कोणाचा पाय नाय. मी म्हटलं, अगं मोकळ्या बसा की. तर एक दांडगी बाई, नाकात ही एवढी फुली...

जमना: फूलमती.

राहीबाई: फूलमती. ती काय म्हणाली? 'नाय. ती जागा बाईची हाय.' जमना, मी बघतच राहिले. डोळे मिटले असते तर वाटलं असतं, आपल्याच आळीतली कोणी बोलते. कुठली गो ती?

जमना: गोरखपूरकडची. नवरा कारखान्यात हाय. नवीन होती तवा दाराआड उभी राहायची. दारी कोणी आलं की लेकराला पुढं ढकलायची, 'तू बोल' म्हणून. आता भाजीवाल्याशी मराठीत भांडते. तो पळतो.

राहीबाई: बघ! कसा आवाज फुटला. मघापासून नुसती कण्हत होतीस.

जमना: निरोप, आये.

राहीबाई: येतो निरोप. त्याच्या पायात काटा रुतलाय, सावकाश येतो. तर त्यांनी मला विचारलं, 'तू कोन हाय?'

जमना: 'तुमी कोन' विचारायचं! किती वेळा सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला 'तुमी' म्हणा.

राहीबाई: मला गोड लागलं. मी म्हटलं, जमनाची सासू. झालं! सगळ्या पायाला हात लावायला उठल्या. आणि उठताना, लहान-थोर, सगळ्यांनी एका सुरात काय म्हणावं? 'आय गं!'

जमना: हसवू नको... कळ येते कमरेत...

राहीबाई: मी घाबरले ना! म्हटलं, पांडुरंगा, ही काय साथ आली? सगळ्यांचेच मणके गेले?

जमना: माझ्यामुळं ते. मी पहिल्या दिवशी चटईवरनं उठताना बोलले, 'आय गं'. दुसऱ्या दिवशी पण बोलले. त्यांना वाटलं, मराठीत उठताना असंच म्हणतात. वर्गातला पहिला शब्द तोच शिकल्या. जागृतीताईला एवढं हसायला आलं, डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

राहीबाई: आणि तू त्यांना खरं सांगितलं नाय?

जमना: नाय.

राहीबाई: का गो?

जमना: असू दे. पुढं सांग.

राहीबाई: पुढं काय, त्यांनी मला धरून चटईवर नेली. 'पड, पड. बाई पडून शिकवते.' मी म्हटलं, मी बाई नाय, बाईची सासू. ऐकतात कुठं! जन्मभर कीर्तनं ऐकली मी जमना, पण बुवा उभा राहतो त्या नारदाच्या गादीला कधी बोट लावलं नाय. लांबून नमस्कार. आणि आज या परमुलखातल्या बाया मला गादीवर झोपवतात! मंग काय करते? तोंड आढ्याकडं केलं, टाळी वाजवली, आणि लावलं आख्यान.

जमना: कुठलं?

राहीबाई: तुझं.

जमना: माझं? माझं काय आख्यान?

राहीबाई: म्हटलं, ऐका गो बायांनो. नवापूर गावी एक सून आली, मासवणकडची, डोंगराच्या बाजूची. समुद्र बघितलेला नाय. होडीला नाव म्हणते का नाव ठेवते, कळत नव्हतं. पण जीभ अशी, की वर्षाच्या आत सासूच्या पुढं गेली. डोक्यावर पाटी घेतली आणि चालली बोईसरला. याच चाळीत, याच जिन्यानं वर. बाया हिंदी बोलायच्या, ही मराठी. 'बोंबील म्हण, मंग बोंबील घे. मांदेली म्हण, वर दोन जास्त घालते.' अशी मासळी विकली हिनं.

जमना: हे त्यांना ठाऊक हाय. त्यातल्या दोघी-तिघी माझं गिऱ्हाईक होत्या.

राहीबाई: त्याच तर माना डोलवत होत्या! एक म्हणाली, 'मेरेको... मला पापलेट बोलायला लावलं नि दिलं नाय, संपलं म्हणाली.'

जमना: शांती ती. अजून राग हाय तिला.

राहीबाई: मंग म्हटलं, बायांनो, पाटीचं ओझं मासळी विकली की उतरतं, पण हिचं उतरलं नाय. ते मणक्यात जाऊन बसलं. डॉक्टर झाले, फोटो झाले, इंजेक्शनं झाली. शेवटी मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, हे जाणारं दुखणं नाय, याला सोबत घेऊन राहा. मंग ही पडली. चूल माझी, पाणी माझं, आणि ही भिंतीकडं तोंड करून. दोन पावसाळे. तोंडाला कुलूप. जी जीभ आख्ख्या चाळीला पुरून उरायची, ती 'हूं' आणि 'नको' एवढंच बोलायची. मी देवाला म्हणायची, दुखणं काढ. तो काढीना. मंग एक दिवस मी म्हटलं, बरं, तुझी मर्जी. नाय काढत तर नको काढू, पण तिच्या हातात दुसरं कायतरी दे की रे. आणि मंग ती जागृतीताई आली, म्हणाली, या बायांना मराठी शिकव.

जमना: आये... पुढं काय सांगितलंस?

राहीबाई: सगळं सांगितलं. अजून ही घरी येते ती रिक्षातून उतरताना खांब धरून उभी राहते. जेवण उभ्यानं. झोप नाय. उशीत तोंड घालून रडते, आमाला ऐकू नये म्हणून, आणि आमाला ऐकू येतं. म्हटलं, 'आय गं' म्हणजे उठणं नव्हे बायांनो, ते हिचं दुखणं हाय...

जमना: आये! का सांगितलंस?

राहीबाई: अगं...

जमना: का सांगितलंस त्यांना? कोणी विचारलं होतं? ती एकच खोली होती माझी! एकच! तिथं कोणी माझ्याकडं आजारी म्हणून बघत नव्हतं. पडून शिकवते तर त्यांना वाटायचं, हिची तशी रीत हाय. कोणी म्हणालं नाय, बिचारी. आणि तू जाऊन रडणं मांडलंस तिथं. कीर्तन केलंस माझं!

राहीबाई: हळू. हळू बोल. पायात जाईल.

जमना: जाऊ दे! आता सगळीकडं सारखंच झालं. बरं झालं. नायतरी जाणारच नव्हते.

राहीबाई: चुकले मी. माझी जीभ कीर्तनाच्या लायनीनं गेली. बुवा सांगतात ना, श्रोत्याच्या डोळ्याला पाणी आल्याबिगर आख्यान पुरं नाय. तीच खोड. पण पाणी आलं नाय त्यांच्या डोळ्यांत.

जमना: नाय?

राहीबाई: नाय. मंग ती उंबऱ्यातली, लेकुरवाळी, म्हणाली, 'मंग आमी उठताना नाय बोलायचं?' मी म्हटलं, बोला की. तिला सोबत होते. तर फूलमती म्हणाली, 'बाईला सांगा, दवाखान्याचं झालं. पोराला ताप हाय, रात्रभर झोपला नाय, उलटी झाली, सगळं बोलली मी. पोरगा गप्प, मी बोलली. नर्स म्हणाली, तुमी नवापूरच्या काय?'

जमना: असं म्हणाली नर्स?

राहीबाई: देवाशपथ. आणि मंग फूलमती म्हणाली, 'आता पुढं काय शिकवणार, विचारा. शाळेत मास्तरशी बोलायचं राहिलं हाय.' झालं. त्यांना पुढचा धडा पायजे. मी एवढं तुझं दुःख आळवलं, आणि त्या दोन टिपं गाळायची सोडून धडा मागतात! मला पयला रागच आला. देवळात जाऊन बसले तवा कुठं कळलं.

जमना: काय कळलं?

राहीबाई: ते मला नाय सांगता येत. बुवा असते तर सांगितलं असतं. एवढंच, की निरोप माझ्या गालातच राहिला. दिला नाय मी. तुझा तुला परत. द्यायचा तर उद्या तू स्वतः जाऊन दे.

जमना: मी जाणार नाय.

राहीबाई: का?

जमना: ठाऊक नाय तुला? तिकडं चटईवर पाय ठेवत नाय कोणी, माझी जागा म्हणून. आणि इथं? नारळी पुनवेनंतर होडी पहिली मासळी घेऊन आली, की होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या बायकोनं पाण्यात उतरून पहिली पाटी झेलायची, गावदेवीपुढं ठेवायची, मंग बाकीची मासळी उतरायची. मी सून म्हणून आले तवा तूच शिकवलंस. काल माझ्या होडीची पाटी कोणी झेलली?

राहीबाई: भागीनं. तुझ्या नणंदेनं.

जमना: दुसऱ्या बाईच्या हातात पहिली पाटी कधी जाते, आये? तूच सांगितलं होतंस.

राहीबाई: नको ते तोंडातून काढू.

जमना: बायको मेली तर. नाय तर घर सोडून गेली तर. मी काय मेले? का गेले? सगळ्या किनाऱ्यानं बघितलं. तोंडावर कोणी काय बोललं नाय, नुसती वाट दिली मला. मयताच्या माणसाला देतात तशी. मी वर्गाला जात नसते, घरात असते, तर त्यांची छाती झाली असती काय असं करायची? म्हणून सोडते. दोन्हीकडं नाय जमत. हे दुखणंच एवढी जागा खातं, की उरलेल्यात एकच कायतरी बसतं.

(मागच्या दारी सुकत घातलेल्या जाळ्याआडून जमनाचा नवरा दामू पुढं येतो.)

दामू: आय, पुरे आता. तिला पडू दे.

राहीबाई: कधीपासून उभा हायस तिथं?

दामू: आत्ताच आलो.

राहीबाई: खोटं. तंबाखूचा वास मघाशीच आला होता. ये, बस समोर. तुझ्या बायकोला काय सांगायचं ते सांग. कालपासून घरात दोन माणसं आणि एक शब्द नाय. भागीच्या हातात पाटी का दिलीस?

दामू: सगळ्यांना ठाऊक हाय का दिली.

जमना: मला नाय ठाऊक.

दामू: मागल्या साली काय झालं ते विसरलीस?

जमना: पडले होते.

दामू: पडली नव्हतीस. मी होडीवरनं वाकलो, माझ्या हातानं पाटी तुझ्या हातात दिली, आणि तू खालीच गेलीस. तोंड उघडलं, पण आवाज आला नाय. पाण्यात मासळी, मासळीत तू. उचललं तवा एकच म्हणालीस, पाटी सांडली. घरी येईपर्यंत तेच. पाटी सांडली, पाटी सांडली. मी त्या दिवशी ठरवलं, पुन्हा माझ्या हातानं नाय.

राहीबाई: म्हणून भागी?

दामू: बहीण हाय माझी. परकी नाय.

राहीबाई: अरे, बहिणीच्या हातात दिलीस म्हणजे गावानं काय समजायचं?

दामू: गावाला समजायचं ते समजू दे.

जमना: गावाचं सोडा. मी काय समजायचं? विचारायचं तरी होतं मला! मी म्हटलं असतं, भागी धरू दे, मी नुसता हात लावते. काठाला एक बोट. कोणाचं काय गेलं असतं? देवी काय वजन करून घेते?

दामू: मला वाटलं, तू येणारच नाय.

जमना: काय?

दामू: तुझा वर्ग होता. वाटलं, वर्ग टाकून तू नाय येणार.

जमना: आले मी! शेजारच्या पोरीचा, पूर्वीचा, फोन आला, होडी दिसते म्हणून. फूलमती फळ्यापुढं उभी होती, तिला तशीच टाकून निघाले. रिक्षात बसवेना, तर सीटकडं तोंड करून, गुडघ्यावर टेकून आले, त्या खड्ड्यांतून. रिक्षावाला म्हणाला, मावशी, नमाज पढता काय? वाळूत उतरले तर भागी कमरेइतक्या पाण्यात. तुमी माझ्याकडं बघितलं पण नाय.

दामू: बघितलं.

जमना: मंग?

दामू: तोवर पाटी सुटली होती हातातून.

राहीबाई: हरी, हरी...

दामू: आणि खरं सांगायचं तर, रागपण होता मला.

जमना: कसला?

दामू: जाऊ दे.

राहीबाई: जाऊ दे नाय. आज मी गादीवर बसून आले. बोल.

दामू: मागल्या आठवड्यात डिझेलचं विचारायला तुला फोन केला होता. दुपारी. तू उचललास आणि बोलली नाय. हसत होतीस. मागं त्या बाया पण हसत होत्या. तुझं हसणं... आधी मला वाटलं, राँग नंबर लागला.

जमना: शांतीनं नवऱ्याला मराठीत शिवी दिली होती. चुकीची.

दामू: असेल. मी ऐकत राहिलो, मंग फोन ठेवला. तू इथं येतेस ती खांब धरून. 'बोलू नका, दिवा बंद करा, पायाला हात लावू नका.' सगळी रात्र मी ऐकतो कण्हणं. तक्रार नाय. पण ते हसणं तू तिकडं खर्च करून येतेस, आणि आमाला हे उरलेलं. दोन पावसाळे या भिंतीकडं तोंड करून होतीस, तवा पण मीच होतो ना इथं? मंग बरं वाटायला लागलं तर ते बोईसरला?

राहीबाई: दामू...

जमना: बोलू दे त्यांना. बरोबर हाय त्यांचं. मी तिकडून आणते ते दुखणंच आणते.

दामू: मला तसं नव्हतं...

जमना: ऐका. माझं पण ऐका. तिकडं दुखत नाय असं नाय. तिकडं जास्त दुखतं. जिना चढला की डोळ्यांपुढं काजवे. पण इथं मी डोळे उघडले की तुमी विचारता, कसं हाय? आये विचारते, कसं हाय? भागी दारातून विचारते, कसं हाय वयनी? आणि मला तेच सांगावं लागतं, तेच, तेच. सांगता सांगता मी नुसती कंबर झाले. तिकडं गेल्यावर त्या विचारतात, आता पुढं काय? आणि मला सांगता येतं. बाजार झाला, दवाखाना झाला, आता शाळा. पुढं काय, हे मला कोणी किती दिवसांत विचारलं नव्हतं हो.

दामू: मंग मी विचारू नको काय, कसं हाय?

जमना: विचारा. पण तेवढंच नको.

दामू: दुसरं काय विचारतात, ते येत नाय मला. समुद्रावर आमी बोलतच नाय.

राहीबाई: शिकवील ती. पडून शिकवते, पण शिकवते.

जमना: आये, तू गप. तुझ्यावरचा राग गेला नाय माझा.

राहीबाई: नको जाऊ दे. पुरचुंडी थंड झाली, तापवून आणू?

जमना: नको. राहू दे. आता उद्याचं बघा. उद्या त्या खोलीत गेले, आणि त्यांच्या डोळ्यांत मला ते दिसलं, काल किनाऱ्यावर दिसलं ते, तर मी जिना उतरून येईन आणि परत चढणार नाय. हे आधीच सांगून ठेवते.

राहीबाई: नाय दिसायचं.

जमना: तुला काय ठाऊक? आज तू होतीस. उद्या मी असेन. आणि एक सांगू? हे पण किती दिवस चालेल, ठाऊक नाय. आज पडून जमतं. एक दिवस पडून पण नाय जमणार. मंग ती चटई त्यांनी कितीही ठेवली तरी काय उपयोग?

दामू: तवाचं तवा.

जमना: सोपं हाय तुमाला बोलायला.

दामू: सोपं नाय. मी रोज पाण्यात जातो. तवाचं तवाच असतं. आज वारा कसा हाय तेवढं बघायचं.

राहीबाई: हे बुवासारखं बोललास रे.

दामू: बाजारातून येताना सकाळी रिक्षावाल्याला सांगून ठेवतो. मालासाठी मागची सीट काढून देतो म्हणाला होता एकदा. तिथं गोधडी टाकली, तर पडून जाशील.

जमना: मालासारखी?

दामू: मालासारखी नको. राणीसारखी म्हण.

जमना: राणी रिक्षात पडून नाय जात. आणि पाटीचं मी विसरणार नाय. हे पण सांगून ठेवते. पुढल्या साली माझं एक बोट तरी काठाला लागलं पायजे, मला चौघांनी धरून उभी केली तरी.

दामू: नको विसरू. मी पण नाय विसरणार. भागीला काल रात्रीच सांगितलं, माझं चुकलं. तुला सांगायचं राहिलं.

राहीबाई: आता सांग की. मी कान झाकते.

दामू: तुझ्यासमोर नाय सांगत आय.

राहीबाई: बरं बाबा. मी आपली देवापुढं वात लावते. आख्यान संपलं, आरती तुमची तुमी करा. जमना, सकाळी भाकरी बांधून ठेवीन. खायची ना तिकडं?

जमना: ठेव. फूलमतीला सुकट आवडते, ती पण ठेव थोडी... हात द्या हो जरा. त्या कुशीवर वळते. हळू. अजून हळू. हां.

दामू: आता बरं... नाय, ते नाय विचारायचं. आता... उद्या काय शिकवणार?

जमना: शाळा. मास्तरशी कसं बोलायचं. फूलमती मास्तर होणार, आणि शांती पोराची आई.

दामू: म्हणजे लय हसणार.

जमना: हसणारच. शांती हाय ना ती.

दामू: हस तू. मनापासून हस, आमच्यासाठी राखून नको ठेवू. फक्त हसताना, एकदा, माझी आठवण काढ.